बावीस अक्षरांची गोष्ट

शास्त्राच्या इतिहासात शोधांची जशी एक परंपरा आहे, तशीच दुर्लक्षाचीही एक परंपरा आहे. शोधांचे ग्रंथ होतात, दुर्लक्षाचे होत नाहीत. आणि तरीही, जुने कागद चाळीत बसण्याची ज्याला माझ्यासारखी खोड आहे, त्याला पुष्कळदा असे आढळते की, शोध लागण्यापूर्वी ती वस्तू कित्येक वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोरच पडलेली होती; फक्त तिच्यावर 'निरुपयोगी' अशी चिठ्ठी चिकटवलेली होती. आज मी अशाच एका वस्तूची हकिकत सांगणार आहे. विषय आहे कर्करोगाचा. दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण ज्या घरात ह्या रोगाचे नाव कधी दबक्या आवाजात घेतले गेले नाही, असे घर आज विरळा. आणि एरवी ज्याविषयी बोलायला धीर होत नाही, त्याविषयी चार माणसे निवांत जमली असतानाच बोललेले बरे.

७ ऑक्टोबर २०२४ रोजी स्टॉकहोमहून बातमी आली की, वैद्यकाचे नोबेल पारितोषिक व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन ह्या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांना 'मायक्रो-आरएनए'च्या शोधासाठी मिळाले. बातमीत कर्करोगाचा उल्लेख होता. तो वाचून पुष्कळांच्या मनात एकच प्रश्न उभा राहिला असेल : म्हणजे कॅन्सरवर औषध सापडले की काय? ह्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ते द्यायचे तर सत्तर वर्षे मागे जावे लागते.

*

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या गाभाऱ्यात एक पोथी आहे, अशी कल्पना करावी. ह्या पोथीचे नाव डीएनए. १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी तिची रचना उलगडली. पोथी चारच अक्षरांत लिहिलेली असते, पण तिची लांबी सुमारे ३०० कोटी अक्षरांची भरते. पोथी मौल्यवान, म्हणून ती गाभाऱ्याबाहेर जात नाही. लागेल तेवढ्या ओळींची नक्कल करून ती नक्कलच बाहेर धाडली जाते. ही नक्कल म्हणजे आरएनए. बाहेर तिच्या बरहुकूम प्रथिने विणली जातात, आणि आपले रक्त, स्नायू, डोळ्यांतील बुबुळ, पचनाचे रस ही सारी त्या प्रथिनांची किमया.

फ्रान्सिस क्रिकने १९५८ साली ह्या व्यवहाराला एक भारदस्त नाव दिले. इंग्रजीत त्याने 'डॉग्मा' हा शब्द वापरला. आपण 'मूळ सिद्धांत' म्हणू. धर्मपीठावर शोभेल असा हा शब्द आपण फारसा विचार न करता वापरला, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. क्रिकचे म्हणणे खरे तर काटेकोर होते : माहिती एकदा प्रथिनात उतरली की तेथून ती मागे फिरत नाही. पण पाठ्यपुस्तकांतून त्याचे जे सोपे रूप रूढ झाले ते असे : डीएनए धनी, प्रथिन कारागीर आणि आरएनए नुसता मधला निरोप्या. निरोप पोहोचवला की त्याचे काम संपले.

निरोप न नेणारा आरएनए त्या काळी अगदीच अज्ञात होता, असे मात्र नाही. प्रथिनांची कच्ची सामग्री वाहून आणणारा आरएनए १९५८ सालीच ठाऊक झाला होता, आणि प्रथिने ज्या मागावर विणली जातात त्या मागाचा सांगाडाही बराचसा आरएनएचाच असतो, हेही माहीत होते. पण हे झाले हमालीचे व सुतारकामाचे आरएनए. त्यांच्या हाती कारभार असेल, हे फारसे कोणाच्या मनात आले नाही.

'फारसे' हा शब्द मी जाणूनबुजून योजला आहे. कारण काहींच्या मनात ते आले होते. १९६१ साली पॅरिसमध्ये झाकोब व मोनो यांनी जनुके चालू-बंद कशी होतात ह्याविषयी जो गाजलेला प्रबंध लिहिला, त्यात बंद करणारा पदार्थ आरएनए असावा, असा तर्क त्यांनी केला होता. १९६६ साली अमेरिकेत गिल्बर्ट व म्युलर-हिल यांनी तो पदार्थ प्रत्यक्ष वेगळा काढला, आणि तो निघाला प्रथिन! मग १९६९ साली ब्रिटन व डेव्हिडसन ह्या दोघांनी पुन्हा सुचवले की, उच्च प्राण्यांत आरएनएकडेच कारभाराची सूत्रे असू शकतील. लोकांनी तो लेख कुतूहलाने वाचला आणि बाजूला ठेवला. एका जंतूतील एका जनुकापुरता झाकोब-मोनो यांचा तर्क चुकला होता, हे खरे. परंतु एका घरी किल्ली आजोबांच्या कमरेला सापडली म्हणून सगळ्या गावातल्या किल्ल्या आजोबांच्याच कमरेला असतात, असे थोडेच आहे?

तशात पोथीचा एक चमत्कारिक प्रकार उघडकीस येऊ लागला. तिच्यातील फारच थोड्या मजकुरापासून प्रथिने होतात. आजच्या हिशेबाने हा मजकूर शंभरात दीड-दोन भागांहून अधिक नाही. मग उरलेल्या अठ्ठ्याण्णव भागांचे काय? १९७२ साली सुसुमु ओहनो ह्या कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या जपानी शास्त्रज्ञाने त्यासाठी जो इंग्रजी शब्द वापरला, त्याचे मराठी रूप 'अडगळ' असेच होईल. ओहनो मोठा विद्वान होता आणि त्याचे म्हणणे बरेचसे आजही टिकून आहे. पोथीत खरोखरीची अडगळही पुष्कळ आहे. पण शब्द विद्वानाच्या हातून सुटला की त्याच्या मागचा विचार मागे राहतो आणि शब्दच तेवढा पुढे धावतो. अडगळ म्हटले की तिकडे दिवा घेऊन कोण जाणार?

*

दिवा घेऊन जी माणसे गेली, ती तिकडे जायला म्हणून निघालीच नव्हती. ती एका किड्याच्या मागे लागली होती.

हा किडा म्हणजे मातीत राहणारा, जेमतेम एक मिलीमीटर लांबीचा एक सूत्रकृमी. सिडनी ब्रेनरने १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे त्याला अभ्यासासाठी निवडले. किडा पारदर्शक; सूक्ष्मदर्शकाखाली त्याची प्रत्येक पेशी दिसते. पूर्ण वाढ झाल्यावर त्याच्या देहात बरोबर ९५९ पेशी असतात, ना एक कमी ना एक जास्त. जॉन सल्स्टन व त्याच्या सहकाऱ्यांनी ह्या प्रत्येक पेशीची वंशावळ अंड्यापासून लिहून काढली. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकचे तीर्थोपाध्याय घराण्यांच्या वंशावळी ठेवतात ना, त्याच चिकाटीने!

आता ह्या किड्यांत काही विकृत निघत. एका जातीच्या विकृतीला 'लिन-४' असे नाव पडले. तिच्यात किडा बाल्यावस्थेचे तेच ते टप्पे पुन्हा पुन्हा गिरवीत राही. अंगाने वाढे, पण प्रौढपणाची काही इंद्रिये त्याला येतच नसत. दुसरी विकृती 'लिन-१४' हिच्यात नेमके उलटे; किडा बाल्यावस्थेचे टप्पे गाळून पुढे उडी मारी. एकाचे बालपण संपत नाही, दुसऱ्याला ते मिळतच नाही. रॉबर्ट हॉर्विट्झच्या प्रयोगशाळेत उमेदवारी केलेल्या दोन तरुणांनी ही दोन कोडी वाटून घेतली. अँब्रोसने लिन-४ घेतले, रुव्हकुनने लिन-१४. पुढे दोघांनी बॉस्टन परिसरात आपापल्या वेगळ्या प्रयोगशाळा थाटल्या.

अँब्रोसकडे रोझालिंड ली व ऱ्होंडा फाइनबॉम ह्या दोघी लिन-४ चे जनुक नेमके पोथीच्या कोणत्या ओळीत आहे, हे शोधीत होत्या. पद्धत अशी की, निरोगी किड्याच्या पोथीचा तुकडा विकृत किड्याला द्यायचा; किडा बरा झाला तर जनुक त्या तुकड्यात आहे, मग तुकडा आणखी लहान करायचा. तुकडा लहान होत गेला, सातशे अक्षरांच्याही खाली आला, आणि तरी किडा बराच होत होता! एवढ्याशा जागेत प्रथिनाची आज्ञा मावणार कशी? अखेरीस निष्पन्न झाले की, तेथे प्रथिन नाहीच. तेथून निघतो तो एक इवलासा आरएनए, अवघ्या बावीस अक्षरांचा. प्रथिनाचा निरोप नेणारे आरएनए हजार-हजार अक्षरांचे असतात. त्यांच्यापुढे हा म्हणजे पत्राच्या कोपऱ्यातील तिकीट.

१९९२ च्या जून महिन्यात दोन्ही प्रयोगशाळांनी आपापली अक्षरे एकमेकांना कळवली आणि दोघांनीही ती जुळवून पाहिली. लिन-१४ च्या निरोपाच्या शेपटाशी लिन-४ ची अक्षरे जागोजाग जुळत होती, झब्बल्याच्या बंदांना बंद जुळावेत तशी. उलगडा झाला. बावीस अक्षरांचा हा आरएनए निरोप्याच्या शेपटाला चिकटतो आणि त्याला म्हणतो, 'आता पुरे.' निरोप निघालेला असतो, पण त्याची बजावणी होत नाही. निरोप्या वाटेतच थांबवला जातो, आणि त्याला थांबवणारा असतो त्याच्याच जातीचा एक बुटका.

डिसेंबर १९९३ मध्ये हे दोन्ही प्रबंध एकाच नियतकालिकात शेजारी शेजारी प्रसिद्ध झाले. त्यानंतर काय झाले? जवळ जवळ काहीच नाही. किड्याच्या अभ्यासकांनी कौतुक केले. इतरांनी मानले की, ही किड्यांची काही तरी आपली एक लकब असेल. माणसात असे काही असेल हे कोणाला वाटले नाही आणि पाहण्याची तसदीही कोणी फारशी घेतली नाही. सात वर्षे गेली. २००० साली रुव्हकुनच्याच प्रयोगशाळेने असा दुसरा बुटका शोधला. त्याचे नाव 'लेट-७', अक्षरे एकवीस. आणि त्याच वर्षी त्यांनी दाखवून दिले की, हा लेट-७ माशीत आहे, माशात आहे, कोंबडीत आहे आणि माणसातही आहे. कोट्यवधी वर्षांत प्राणिसृष्टीने काय काय बदलले, पण ही एकवीस अक्षरे मात्र बदलली नाहीत! जे इतके जपले गेले ते निरुपयोगी असणार नाही, एवढे कळायला शास्त्रज्ञ असावे लागत नाही. २००१ साली तीन प्रयोगशाळांनी अशा बुटक्यांची रासच पुढे मांडली आणि त्यांचे 'मायक्रो-आरएनए' असे बारसे केले. माणसात अशी शेकडो जनुके आहेत.

*

आता आपण किड्याकडून माणसाकडे आणि बॉस्टनकडून फिलाडेल्फियाला येऊ.

रक्ताच्या कर्करोगाचा एक सावकाश चालणारा प्रकार आहे. डॉक्टर त्याला 'क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया' म्हणतात. तो बहुधा उतारवयात होतो, आणि युरोप-अमेरिकेत प्रौढांच्या रक्तकर्करोगांत तो विशेष आढळतो. ह्या रोग्यांच्या पेशींत एक खूण वारंवार दिसे : तेराव्या गुणसूत्राचा एक ठराविक तुकडा गळालेला. निम्म्याहून अधिक रोग्यांत ही गळती सापडते. घरातून नेहमी एकाच खोलीतली वस्तू चोरीस जाऊ लागली, तर त्या खोलीत काही तरी मोलाचे आहे असे समजावे. म्हणून अनेक प्रयोगशाळांनी तो तुकडा वर्षानुवर्षे पिंजून काढला. तेथे कर्करोगाला आवर घालणारे प्रथिनाचे जनुक असणार, ही खात्री. जे जे जनुक हाती लागे ते पारखले जाई आणि पारखून टाकून दिले जाई, कारण रोग्यांत ते बिघडलेले आढळत नसे.

कार्लो क्रोचे ह्या इटालियन शास्त्रज्ञाच्या फिलाडेल्फियातील प्रयोगशाळेत जॉर्ज कॅलिन हा रुमानियाहून आलेला डॉक्टर ह्याच कामावर होता. तुकड्याचा निर्णायक भाग आता सुमारे तीस हजार अक्षरांवर आला होता आणि तरी तेथे पाहिजे ते प्रथिन नव्हते. इतक्यात मायक्रो-आरएनएच्या याद्या प्रसिद्ध झाल्या. त्या पोथीशी ताडून पाहताच दिसले की, नेमक्या त्याच रिकाम्या वाटणाऱ्या जागेत दोन बुटके बसले आहेत : मिर-१५ आणि मिर-१६. तपासलेल्या रोग्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत ते गळालेले तरी होते किंवा क्षीण तरी झाले होते. २००२ साली हा प्रबंध छापला गेला. असांकेतिक आरएनए (म्हणजे ज्यात प्रथिनाचा संकेत नाही असा) आणि कर्करोग ह्यांची गाठ मायक्रो-आरएनएच्या रूपाने पडली ती येथे.

हे दोन बुटके काय करीत असत, हे २००५ साली कळले. शरीरातील पेशीला मरणाची वेळ कळते. जुनी झाली, बिघडली की ती आपणहून मरते. आपण निरोगी राहतो ते ह्या शिस्तीच्या मरणामुळे. 'बीसीएल-२' नावाचे एक प्रथिन पेशीला मरू देत नाही. रक्तपेशींच्या कर्करोगात ते १९८४ च्या सुमारास सापडले, आणि ते पेशींना वाढवीत नसून मरणापासून वाचवते, हे १९८८ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवले. मिर-१५ व मिर-१६ ह्यांचे एक काम म्हणजे ह्या बीसीएल-२ चा निरोप अडवून धरणे. ते गळाले की निरोप मोकाट सुटतो, प्रथिन साचते, आणि ज्या पेशीने निघून जायचे ती ठाण मांडून बसते. अशा न मरणाऱ्या पेशींची गर्दी म्हणजेच तो रक्ताचा कर्करोग. एकाच प्रयोगशाळेच्या शब्दावर विसंबू नये हे शास्त्राचे व्रत आहे. म्हणून हेही सांगतो की, २०१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात उंदरांच्या पोथीतून ही जागा मुद्दाम काढून टाकण्यात आली, आणि त्या उंदरांना माणसासारखाच रक्ताचा आजार जडला.

एकदा दार उघडल्यावर मग गर्दी झाली. २००४ साली दिसून आले की, तोवर ठाऊक असलेल्या मायक्रो-आरएनए जनुकांपैकी अर्ध्याहून थोडी अधिक जनुके पोथीच्या अशा भागांत आहेत, जे कर्करोगात मोडतात, गळतात किंवा दुणावतात. २००५ साली फ्रँक स्लॅकने लेट-७ चे फुप्फुसाच्या कर्करोगाशी असलेले नाते दाखवले. 'रास' हे जनुक बिघडले की पेशींची वाढ अनावर होते, हे जुने ज्ञान होते. ह्या रासचा लगाम लेट-७ च्या हाती असतो, आणि फुप्फुसाच्या गाठींत पुष्कळदा लेट-७ कमी पडलेला आढळतो, हे ज्ञान नवे होते. विशेष म्हणजे हे नाते प्रथम लक्षात आले ते किड्यात. किड्याला फुप्फुस नाही, तो तंबाखू ओढीत नाही. आणि तरी ओढणाऱ्या माणसाच्या गाठीतील एक भानगड त्याने सांगितली!

सगळेच बुटके सज्जन असतात, असा मात्र समज करून घेऊ नये. त्याच २००५ साली असा एक मायक्रो-आरएनएंचा जथा सापडला की, जो संख्येने वाढला तर उंदरांतील रक्ताचा कर्करोग अधिक वेगाने फोफावतो. कारण सरळ आहे. जो हुकूम अडवतो, त्याने मारेकऱ्याचा हुकूम अडवला तर तो रक्षक. पहारेकऱ्याचा अडवला तर तो फितूर.

*

बुटक्यांची गोष्ट सांगताना लांबट भावंडांना विसरून चालणार नाही. त्यांची ओळख मी मांजरावरून करून देतो. पांढरा, काळा व नारिंगी अशा तीन रंगांचे मांजर आपण पाहिले असेल. ते जवळ जवळ नेहमी मादी असते. १९६१ साली मेरी लायन ह्या इंग्रज विदुषीने उंदरांच्या रंगांवरून सांगितले की, मादीच्या प्रत्येक पेशीत दोन 'एक्स' गुणसूत्रे असली तरी त्यांतले एक गप्प बसवलेले असते. कोठे हे, कोठे ते. म्हणून मांजरीच्या अंगावर एके ठिकाणी काळा पट्टा उमटतो तर दुसऱ्या ठिकाणी नारिंगी. पण गप्प बसवते कोण? १९९१ साली 'झिस्ट' हा सतरा हजारांवर अक्षरांचा आरएनए सापडला. तो प्रथिन करीत नाही. तो त्या गुणसूत्रावर चादरीसारखा पसरतो आणि त्याला निजवतो. २०१३ साली बॉस्टनमध्ये उंदरांच्या रक्तपेशींतून झिस्ट काढून टाकला, तेव्हा त्या माद्यांना रक्ताचे कर्करोग झाले. निजलेल्याला जागे करणे नेहमीच पुण्याचे नसते.

असे लांबट असांकेतिक आरएनए आता हजारांनी मोजले गेले आहेत. त्यांतला एक, 'पीसीए-३', १९९९ साली सापडला. तो पुरःस्थ ग्रंथीच्या (प्रोस्टेटच्या) कर्करोगात फार वाढतो, आणि त्यावर आधारलेल्या मूत्रतपासणीला अमेरिकन सरकारच्या औषध खात्याने २०१२ साली मान्यता दिली. दुसरा 'हॉटेअर', स्तनाच्या कर्करोगात तो वाढलेला असला की रोग इतरत्र पसरण्याची भीती अधिक, असे २०१० साली दिसले. तिसरा 'मॅलाट-१', आणि त्याची कथा सावध करणारी आहे. २००३ साली फुप्फुसाच्या पसरणाऱ्या कर्करोगात तो विपुल सापडला, तेव्हा तो आरोपी ठरला. पुढे २०१२ साली उंदरांतून तो समूळ काढून टाकला, तर उंदीर ठणठणीत! आणि २०१८ साली एका प्रयोगात असे आढळले की, स्तनाच्या कर्करोगाच्या प्रसाराला तो उलट आळाच घालतो. गुन्ह्याच्या जागी जो सापडला तोच गुन्हेगार, हे पोलिसांच्या कामी जसे घातक, तसेच शास्त्राच्याही.

*

आता तो आरंभीचा प्रश्न. औषधाचे काय?

कल्पना मोहक होती. जो बुटका गळाला आहे तो बाहेर तयार करून रोग्याला द्यावा. जो फितूर झाला आहे त्याला त्याच्या उलट अक्षरांची जोडी देऊन बांधून टाकावे. २००७ साली कळले की, कर्करोगाविरुद्धचा शरीराचा जो थोर पहारेकरी 'पी-५३', तो आपली काही कामे मिर-३४ ह्या मायक्रो-आरएनएकडून करवून घेतो. मग मिर-३४ ची कृत्रिम प्रतिकृती स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म थेंबात घालून औषध तयार केले गेले, आणि २०१३ साली यकृताच्या व इतर गाठींच्या रोग्यांवर त्याची पहिली चाचणी अमेरिकेत सुरू झाली. कर्करोगावर मायक्रो-आरएनएची प्रतिकृती माणसाला देण्याचा हा पहिलाच प्रसंग.

एकंदर ८५ रोग्यांनी त्यात भाग घेतला. ही माणसे कोण होती, ह्याचा आपण क्षणभर विचार करावा. ज्यांच्यावर इतर उपाय थकले होते, अशी ती माणसे. आपल्याला गुण येईल ह्याची शाश्वती नसताना त्यांनी दंड पुढे केला. तिघांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. पण काहींच्या शरीरातील प्रतिकारशक्ती ह्या परक्या पाहुण्याविरुद्ध खवळून उठली, आणि त्यात चौघांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये चाचणी थांबवण्यात आली. नोबेलच्या बातमीत ही ओळ नव्हती. ती नसावी ह्यात गैर काही नाही, पण इतिहास लिहिणाऱ्याने ती गाळू नये. विजयाच्या यादीत ज्यांची नावे नाहीत, त्यांच्याही खांद्यावरून शास्त्र पुढे गेलेले असते.

आणि योगायोग पाहा. त्याच २०१६ च्या एप्रिलात अमेरिकेत 'व्हेनेटोक्लॅक्स' ह्या गोळीला त्या सावकाश चालणाऱ्या रक्तकर्करोगाच्या एका कठीण प्रकारासाठी मान्यता मिळाली. ही गोळी काय करते? मिर-१५ व मिर-१६ ज्या बीसीएल-२ ला आवरीत असत, त्याच बीसीएल-२ ला ती थेट जखडून टाकते, आणि न मरणारी पेशी अखेर मरते. ही गोळी मायक्रो-आरएनएच्या शोधातून निघालेली नाही. तिची वाट प्रथिनाच्या अभ्यासातून, वेगळी आली. पण दोन्ही वाटा एकाच उंबऱ्याशी पोहोचतात. पहारेकरी का नाहीसा झाला हे एका वाटेने कळले, आणि पहारेकऱ्याचे काम दुसऱ्या कोणाकडून करवून घेता येते हे दुसऱ्या वाटेने.

आरएनएची औषधे अगदीच निष्फळ ठरली, असे मात्र कोणी समजू नये. लहान आरएनए वापरून निरोप अडवणारे पहिले औषध २०१८ साली मान्य झाले. ते मज्जातंतूंच्या एका आनुवंशिक विकारावर आहे, आणि तसली आणखीही काही औषधे नंतर आली. ती बहुतांशी यकृतातील जनुकांवर चालतात, कारण रक्तातून गेलेला असा पदार्थ यकृतात सहज उतरतो. फुप्फुसातल्या, स्वादुपिंडातल्या किंवा मेंदूतल्या गाठीपर्यंत तो नेमका न्यायचा कसा, हीच आज अडचण आहे. शिवाय एक मायक्रो-आरएनए एकाच निरोपाला अडवतो असे नाही. तो शेकडो निरोपांना हात लावतो. एक दार बंद करायला गेलेला माणूस घरभरची दारे लावीत सुटला तर काय होईल, हे ती चाचणी सांगून गेली आहे. हे लिहीपर्यंत तरी मायक्रो-आरएनएचे एकही औषध कर्करोगासाठी मान्य झालेले नाही.

तेव्हा कोणी विचारील, तर माझे उत्तर असे : औषध सापडलेले नाही, रोगाच्या घराची एक अंधारी खोली सापडली आहे. अमुक रक्ताच्या थेंबावरून सगळे कर्करोग ओळखून देतो, तमुक आरएनएने गाठ विरघळवतो, अशी जाहिरात कोठे दिसली तर खिशाला हात लावण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. तंबाखू सोडणे, तोंडातला न भरणारा व्रण किंवा छातीतली गाठ न लपवता वेळेवर दाखवणे, हे जुनेच उपाय आजही अधिक प्राण वाचवतात. आपल्या घरांतून ही लपवालपवी फार चालते, आणि बायकांच्या बाबतीत तर विशेष. म्हणून हे सणासुदीलाही सांगावेसे वाटले.

राहता राहिली ती अडगळ. पोथीचा मोठा भाग खरोखरच निरर्थक आहे की नाही, ह्यावर विद्वानांचे वाद अजून चालू आहेत आणि ते चालू असावेत. 'असांकेतिक' हे नावदेखील, पाहू गेल्यास, एक चिठ्ठीच आहे. वस्तू काय आहे हे ते सांगत नाही, काय नाही तेवढे सांगते. आणि २०१५ साली तर असे झाले की, असांकेतिक म्हणून नोंदलेल्या एका आरएनएपासून स्नायूंत एक चिमुकले प्रथिन तयार होताना सापडले! चिठ्ठी लिहिणारे पुन्हा लेखणी खोडण्याच्या तयारीत बसले. मला ह्यात शास्त्राची फजिती दिसत नाही. आपणच लिहिलेली चिठ्ठी आपल्याच हाताने फाडण्याची सोय ज्या थोड्या विद्यांत आहे, त्यांतली ही एक. सात वर्षे कोणी लक्ष दिले नाही तरी एका किड्याच्या बावीस अक्षरांवर जी माणसे बसून राहिली, त्यांना कर्करोग बरा करायचा नव्हता. किड्याचे बालपण का संपत नाही, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.